काळी चारमध्ये लावलेलं चाक

लातूर नवा जिल्हा झाला तेव्हा गावात साहेब लोक लई आले, पाणी तेवढं आलं न्हाई. दुष्काळानं नळ ठणठणीत कोरडे. मी लांबच्या विहिरीवरून सायकलला दोन घागरी बांधून पाणी आणायचो. त्या वजनानं मागची रिम वाकली. चाक डुलायचं आणि अर्धं पाणी रस्ता प्यायचा.

तशात नांदेडहून सासरे मुक्कामाला आले. अंघोळ आणि लिंगपूजा झाल्याशिवाय ते अन्नाला शिवत नसत, आणि ते जेवल्याशिवाय बायको मला वाढणार नव्हती. सकाळीच तिनं बजावलं, "माझा बाप माझ्या दारात उपाशी बसला, तर बघा!"

"आधी चाक नीट करतो," मी म्हणालो. सायकलच्या मिस्त्रीला बोलताना एकदा ऐकलं होतं, की चाकाच्या तारा वाजवून बघायच्या, ताण सारखा पाहिजे. हात्तिच्या! मी भजनात पेटी वाजवणारा माणूस, मला सूर कोण शिकवणार? पेटी अंगणात आणली, काळी चारचा सूर धरला आणि स्पोकचावीनं चाळीसच्या चाळीस तारा त्याच सुरात लावल्या. काय वाजत होतं म्हणता! चाक फिरवून बघायचं तेवढं राहिलं.

विहिरीवरून घरी पोचलो तेव्हा घागरींच्या तळाला बोटभर पाणी होतं. बायकोनं माझं ताट उचलून पालथं घातलं. मला तिच्या बोलण्यापेक्षा त्याचीच भीती वाटते.

सासऱ्यांनी एक तार टिचकीनं वाजवली. मग दुसरी. "सूर लई पक्का हाय, जावईबापू. पण वाकडी रिम सुरानं सरळ होत न्हाई. एका बाजूच्या तारा ओढायच्या, दुसऱ्या बाजूच्या सोडायच्या."

आणि उपाशीपोटीच धोतर खोचून बसले. सायकल उलटी केली, रिमजवळ खडू धरून चाक फिरवलं. खडू घासेल तिथं चावीचा थोडा थोडा पीळ. अर्ध्या तासात चाक सरळ! मी तारा वाजवून बघितल्या, तर सगळ्या बेसूर. अंगावर काटाच आला.

मी पुन्हा गेलो, काठोकाठ घागरी आणल्या. सासरे दुपारी तीनला जेवले. मला एवढी लाज वाटली, की मी दोनच भाकरी खाल्ल्या.

पुढच्या वेळी सासरे यायच्या आधी त्यांचं कार्ड आलं. बायकोनं ते शेजाऱ्यांनाही ऐकू जाईल असं वाचलं: "रविवारी येतो. अंघोळ, पूजा नांदेडातच उरकून निघतो. जावईबापूंनी चाकाला हात लावू नये. पेटी वाजवली तर चालेल."