तिसरीतली जागा

दिल्लीत, द्वारकेच्या आमच्या फ्लॅटची फरशी ज्या माणसाने घासून चकचकीत केली, त्याच्याच बायकोने पुढे आमच्याकडे भांडी घासली. आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमधून आम्ही इथे राहायला आलो, तेव्हा वरच्या मजल्यांवर फरशीच्या घिसाईची मशिनं अजून चालूच होती. दिवसभर त्यांची घरघर ऐकू यायची आणि जिन्यातून पांढरट चिखल वाहत खाली यायचा. मी कॉलेजच्या पहिल्या वर्षात होते. अर्थशास्त्र घेतलं होतं, आणि वर्गात कुणी प्रश्न विचारेल असं वाटलं की मी वहीत डोकं खुपसायची.

त्या बाईला आम्ही दीदी म्हणायचो, आणि तीही मला दीदीच म्हणायची. आई हसायची, "तुमच्यात मोठी कोण, ते एकदा ठरवून टाका." दीदीची मुलगी जवळच्या एका छोट्या इंग्रजी शाळेत दुसरीत होती. आमच्याभोवती तेव्हा इतक्या इमारती उठत होत्या की दीदीच्या नवऱ्याला सुट्टी म्हणून मिळत नव्हती, आणि त्याच जोरावर त्यांनी मुलीला तिथे घातलं होतं. मुलगी स्वयंपाकघराच्या दारात बसून माझ्याकडून ऐकून इंग्रजी कविता पाठ करायची. "आप बहुत धीरे बोलती हो, सुनाई नहीं देता," हे मला तोंडावर सांगणारी ती पहिलीच.

मग एका हिवाळ्यात मंदी आली आणि मशिनं थांबली. बाल्कनीतून दिसणारे तीन टॉवर अर्धवटच उभे राहिले आणि त्यांच्या डोक्यावरच्या सळया गंजायला लागल्या. त्याच सुमारास दादाला गुडगावच्या कंपनीने कळवलं की तुमची रुजू होण्याची तारीख पुढे ढकलली आहे, नवी तारीख नंतर कळवू. दादा अकरापर्यंत झोपून राहायला लागला.

बाबा सरकारी नोकरीत. त्यांचा पगार थांबण्याचा प्रश्नच नव्हता, उलट तो त्याच वर्षी वाढला. तरी आई म्हणाली, "सगळेच जपून राहताहेत, आपणही जरा आवरतं घेऊ." आणि आवरतं घेण्यासारखं आमच्या घरात जे सापडलं, ते म्हणजे दीदीचं काम.

"मग भांडी कोण घासणार?" मी विचारलं.

"दादा आहे ना घरी."

"यार आई, मी इंजिनिअर आहे!"

"बिल्कुल. बिनकामाचा इंजिनिअर. घे घासणी."

दादाने पंधरा दिवस भांडी घासली. मग बाबांनी त्याला एका कोर्सला घातलं आणि भांडी माझ्याकडे आली. पावसाळ्याच्या तोंडावर कंपनीने त्याला बोलावलं, आणि त्या कोर्समुळे आधी ठरलेल्यापेक्षा वरची जागा दिली. आई शेजारच्या काकूंना सांगायची, "थांबला ते बरंच झालं."

दीदी मात्र तोवर दिल्लीत नव्हती. नवऱ्याला काम नाही, आमचं घर सुटलेलं, म्हणून सगळे गावी निघून गेले होते. शाळेने मुलीचं नाव कमी केलं. दादा रुजू झाला त्याच सुमारास टॉवरांचं काम पुन्हा सुरू झालं आणि तेही परतले. दीदीने सांगितलं की काम आता पहिल्यापेक्षाही जास्त आहे. आईने तिला लगेच ठेवलं, आणि अगदी मनापासून.

कॉलेजात सरांनी फळ्यावर एक रेघ काढली होती. वर जाणारी, मध्ये खाली येणारी, पुन्हा वर गेलेली. "घसरण भरून निघाली," ते म्हणाले, आणि मी ते वहीत उतरवून घेतलं. मला ते खरंच वाटलं होतं. दीदीलाही तसंच वाटत असावं. ती म्हणाली, "दीदी, आप स्कूल चलो मेरे साथ. आपको अंग्रेज़ी आती है. बस तीसरी में बिठा दें, अपनी सहेलियों के साथ."

मी गेले. काय बोलायचं ते कागदावर लिहून नेलं होतं: मुलीला वाचता येतं, मी तिचा अभ्यास घेतला आहे, हवी तर परीक्षा घ्या. मुलीने जुनाच गणवेश घातला होता, खालची दुमड उसवून लांब केलेला. मुख्याध्यापिकांनी खुर्ची मला दिली. दीदी आणि मुलगी दाराशी उभ्या राहिल्या. मी इंग्रजीत तोंड उघडताच बाईंचा चेहरा बदलला. तुमची कुठली शाळा? अच्छा, तिथली? त्यांनी म्हणे तिथेच काही वर्षं शिकवलं होतं. कँटीनचे समोसे अजून तसेच तेलकट असतात का? मी हो म्हटलं. त्या हसल्या, मीही हसले. एरवी अनोळखी माणसांसमोर मला हसू येत नाही.

मग त्याच गोड आवाजात, इंग्रजीतच त्यांनी सांगितलं की तिसरीतली जागा भरली आहे. मुलीची दुसरीची परीक्षाच झालेली नाही. पुढच्या एप्रिलमध्ये दुसरीसाठी अर्ज करा, जागा असली तर बघू. शिवाय ही माणसं कधीही उठून जातात, शिक्षकांची मेहनत वाया जाते. तुम्ही समजू शकता.

"आय अंडरस्टँड, मॅम," मी म्हणाले. "थँक यू, मॅम."

कागद हातातच राहिला. मॅमशी कसं बोलायचं हे मला बारा वर्षं शिकवलं होतं. मॅमना नाही कसं म्हणायचं, हे त्यात नव्हतं.

फाटकाबाहेर आल्यावर दीदी खुशीत होती. "हो गया ना?"

मुलीने बुटाच्या टोकाने एक खडा उडवला. "नहीं हुआ, मम्मी. दीदी ने थैंक यू बोल दिया."

दीदी थांबली. तिने माझ्याकडे पाहिलं, रागाने नाही. तिला खरंच कळत नव्हतं. "फिर इतनी देर हँस किस बात पर रही थीं?"

समोशांवर, हे मला सांगता आलं नाही.

हा प्रसंग मी पुष्कळदा उलटून पाहिला आहे. बांधकाम थांबवणाऱ्याला दीदीची मुलगी माहीत नव्हती. आई घाबरली होती. मुख्याध्यापिका नियमाने बोलल्या. दादाचेही तेवढेच महिने गेले, आणि ते त्याला वरच्या जागेवर घेऊन गेले. सरांची रेघ चुकीची नव्हती. मग चुकलं कुणाचं, हे मांडायला बसलं की प्रत्येक वेळी उत्तर निराळं येतं, आणि मी त्यातल्या प्रत्येकात असते.

पुढच्या आठवड्यात दीदी मुलीला घेऊन सरकारी शाळेत गेली. मला तिने विचारलं नाही. मी आपणहून म्हटलं, "मी येऊ का?"

"नहीं दीदी," ओट्यावरचं पाणी निपटत ती म्हणाली. "वहाँ हिंदी चलती है. मैं बोल लूँगी."