परभणीचे परीक्षक

पूर्णा जंक्शनवर रोज हजारो माणसं उतरतात, चढतात, गाडी चुकली म्हणून कपाळाला हात लावतात. पण अख्ख्या परभणी जिल्ह्यात चित्र बघता येणारा माणूस एकच होता आणि तो मालगाडीच्या डब्यांवर आकडे रंगवायचा, हे मी आजही शपथेवर सांगेन. बाकीच्या आम्हा लोकांना चित्रं नुसती दिसायची. मी तिथल्या एका शाळेत भूगोल शिकवायचो आणि रुळांच्या कडेला त्यांच्या शेजारच्या खोलीत भाड्याने राहायचो. सगळे त्यांना पेंटरसाहेब म्हणत. ते बौद्ध, आमची पेडगावला बऱ्यापैकी शेती; शेजार कुणाचा आहे हे मी वडिलांना तीन वर्षं कळू दिलं नव्हतं. एवढ्यावरून माझा पिंड लक्षात येईल. पेंटरसाहेबांबद्दल मी पुष्कळ ठिकाणी बोललो आहे, लोकांना हसवलं आहे. एक गोष्ट मात्र दर वेळी गाळत आलो. आता गाळण्याचाही कंटाळा आला आहे.

चित्रकार शोधून काढण्याची त्यांची रीत जगावेगळी होती. यार्डात धुवायला आलेल्या डब्यांत प्रवासी विसरून गेलेली इंग्रजी साप्ताहिकं सफाईवाले त्यांना आणून देत. त्यातली चित्रांची पानं कापून ते एका बाद झालेल्या जाडजूड रजिस्टरात खळीने चिकटवायचे. इंग्रजी येत नव्हतं, त्यामुळे मुंबई-बडोद्याच्या साऱ्या हयात चित्रकारांची बारशी त्यांनी स्वतःच केली होती. एक चौकोनवाला, एक उपाशी बायांवाला, एक ओल्या भिंतीवाला. एकदा मी चित्राखालचं खरं नाव वाचून दाखवलं तर हिरमुसले. "राहू द्या सर. हे त्याच्या मायबापानं ठेवलेलं नाव. त्यायला कुठं ठावं होतं, पोरगं चौकोन काढणार हाय म्हणून?" पुढे चौकोनवाल्याच्या एका चित्रात अचानक एक गोल निघाला, तेव्हा पेंटरसाहेबांना दोन दिवस जेवण गेलं नाही. "घरात कायतरी बिनसलं असंल त्याच्या," म्हणाले, आणि पुढचं साप्ताहिक हाती येईपर्यंत त्या अनोळखी माणसाच्या संसाराची काळजी करत राहिले.

चित्र किती वेळ बघायचं याचं त्यांचं माप ठरलेलं होतं. एक मालगाडी. चित्र पत्र्याच्या पेटीवर उभं करायचे, पाहुण्याला पाटावर बसवायचे, आणि बाहेरून जाणारी मालगाडी इंजिनापासून गार्डाच्या डब्यापर्यंत पूर्ण निघून गेल्याशिवाय तोंड उघडायला बंदी. मी पहिल्यांदा चौथ्या डब्यालाच "छान आहे" म्हणालो. ते माझ्याकडे अशा नजरेने बघू लागले, जणू मी जेवणावळीत पहिल्या घासाला हात धुतले. "तुमी एक्स्प्रेस बघणं बघता, सर. ठेसनं चुकायलेत तुमची." एकदा सिग्नल न मिळाल्याने गाडी दारासमोरच थांबली आणि विम्याचा हप्ता मागायला आलेला एक भला माणूस पाऊण तास एका चौकोनासमोर बसून राहिला. त्यानंतर तो हप्ता पोस्टाने मागवू लागला.

अमूर्त म्हणजे काय हे मी शिकलो ते या माणसाकडून, आणि तेही ताडकळसच्या बाजारात. आम्ही मिरच्या घ्यायला गेलो होतो. एका कापडवाल्याच्या पालाला वर्षानुवर्षांची ठिगळं होती: पोत्याचं, गादीच्या कापडाचं, कुणाच्या तरी लुगड्याच्या काठाचं. पेंटरसाहेब समोर उभे राहिले ते राहिलेच. दुकानदाराला वाटलं गिऱ्हाईक आहे.

"काय दाखवू?"

"हे कोण केलं?"

"काय?"

"हे ठिगळ. इथं लाल दिलंय ते."

"बायकोनं शिवलंय. का बरं?"

"बाईला सांगा, लय मोठं काम हाय. मुंबईत असती तर पेपरात आली असती."

दुकानदाराने गज उचलला. त्याला वाटलं, हा गडी गरिबीची चेष्टा करायलाय. मी मधे पडून "हे रेल्वेत आहेत" असं काहीतरी असंबद्ध सांगितलं, आणि का कोण जाणे, त्याने गज खाली ठेवला.

माणसांची चित्रंही त्यांना तितकीच प्रिय. त्यात ते चेहरा बघतच नसत, हात बघत. "तोंड कुणालाबी जमतं. ज्यानं हात पदराखाली झाकला, त्यो चोर." एका खतवाल्याच्या कॅलेंडरवर कणसं घेतलेली हसरी शेतकरीण होती, तिच्या डाव्या हाताला सहा बोटं आहेत हा शोध त्यांनी लावला आणि अख्खी गल्ली दिवसभर बोटं मोजत होती. वाईट रंगाला त्यांच्याकडे एकच शब्द होता: मेलेला. "हिरवा मेलाय," "पिवळा मेलाय," असं ते इतक्या दुःखाने सांगायचे की आता सुतकच पाळावं लागतं की काय वाटायचं. मीही हळूहळू ते शब्द उचलले. शिक्षक-खोलीत उगाच भाव मारायला उपयोगी पडायचे.

दोन वर्षं ते स्वतः एकच चित्र करत होते. प्लायवूडचा मोठा तक्ता, सगळा निळा, आणि खाली गंजाच्या रंगाची एक बारीक पट्टी. "डब्याखाली उताणं पडून काम करतो ना आमी, तवा डोळ्याम्होरं निस्ता गंज. मंग सरकत सरकत भाईर आलं की पहिल्यांदा डोळ्यात शिरतं, ते हे निळं. आभाळ न्हाई म्हणत मी. आभाळ नंतर कळतं." एवढंच त्यांनी सांगितलं होतं आणि मला ते पूर्ण कळलं होतं. हे लिहून ठेवणं भाग आहे. मला ते कळलं होतं.

शाळेच्या स्नेहसंमेलनात प्रदर्शन भरवायचं माझ्याकडे आलं. मीच त्यांच्या मागे लागलो, चित्र द्या म्हणून. ते नको-नको म्हणत होते आणि आतून फुलले होते. पांढरा सदरा शिवायला टाकला होता. ते दिवस मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराच्या दंगलींचे. हॉटेलात ओळखीची माणसं वेगवेगळ्या बाकांवर बसू लागली होती. पेंटरसाहेबांच्या सासुरवाडीला घरं जळाली होती आणि दोन भाच्या त्यांच्याकडे राहायला आल्या होत्या. त्याबद्दल ते बोलत नसत, मी विचारत नसे. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी संस्थेचे अध्यक्ष फेरी मारायला आले आणि निळ्यासमोर थांबले.

"हे काय?"

"अमूर्त आहे, साहेब."

"असंल. पन रंग तर निळाच हाय ना? कोण काढलं?"

मी नाव सांगितलं. ते माझ्याकडे बघत राहिले.

"सर, उद्या कुणी म्हणलं शाळेनं झेंडा लावला, तर निस्तरणार कोण? तुमी?" मग जरा मऊ होऊन म्हणाले, "खाली थोडं गवत-बिवत टाकता येतं का?"

मी हसलो. ते हसण्यासारखं होतं म्हणून नव्हे. नोकरी अजून कायम व्हायची होती म्हणून. शिपायाला न बोलावता स्वतःच तक्ता उतरवला आणि भूगोलाच्या नकाशांमागे ठेवला.

इथवर जे झालं ते भित्र्या माणसाचं, आणि भित्रे पुष्कळ असतात. त्यापुढचं माझं एकट्याचं. दुसऱ्या दिवशी पेंटरसाहेब नवा सदरा घालून आले, सगळ्या भिंती फिरले आणि माझ्यासमोर उभे राहिले. खरं सांगितलं असतं तर त्यांना ते नवीन नव्हतं. आयुष्यभर ऐकलेलंच आणखी एकदा ऐकून, तक्ता डोक्यावर घेऊन ते घरी गेले असते. पण खरं सांगितलं असतं तर मी त्यांच्या नजरेतून उतरलो असतो. म्हणून मी म्हणालो, "परभणीहून परीक्षक आले होते. त्यांना नाही पटलं. निळा मेलेला आहे म्हणाले."

त्यांनी भिंतीवरच्या चित्रांकडे पुन्हा एकदा बघितलं. मग हळूच म्हणाले, "बसून बघितलं का त्यायनी?"

"हो. बराच वेळ."

"मंग खरं असंल."

तक्ता मी काढून दिला, तो डोक्यावर घेऊन ते घरी गेले. त्यानंतर त्यांनी स्वतःचं तसलं चित्र काढलं नाही. चौकोनवाल्याचं कौतुक तसंच चालू राहिलं, नवे चित्रकार रजिस्टरात येत राहिले, पण स्वतःचा विषय निघाला की म्हणायचे, "आपल्या हातानं निळा मरतो. परभणीचे परीक्षक सांगून गेलेत." जगात नसलेल्या त्या माणसाचा त्यांनी वर्षानुवर्षं मान राखला. भेट घालून द्या म्हणून इतके मागे लागले की शेवटी मी परीक्षकांची लातूरला बदली केली. तिथेही ते पत्र टाकायला निघाले, तेव्हा पत्ता माहीत नाही म्हणालो. थापेचं पोट भरता भरता मी थकून गेलो.

विद्यापीठाचं नाव बदललं त्या वर्षी, शेजारची खोली सोडून बरीच वर्षं झाल्यावर, मी पेंटरसाहेबांकडे गेलो. ते निवृत्त झाले होते. त्यांच्या वस्तीत पेढे वाटणं चाललं होतं. पेंटरसाहेबांच्या बायकोने, बाईंनी, माझ्या हातावरही पेढा ठेवला. तो तसाच मुठीत धरून मी सगळं सांगितलं: अध्यक्ष, गवत, नकाशे, परीक्षक. ते ऐकत होते. मला वाटलं, आता उठवतील.

"म्हंजी," ते म्हणाले, "मेलेला न्हवता?"

"नव्हता."

"तुमाला तवाच ठावं होतं?"

"हो."

"येवढी वर्षं!" ते भिंतीकडे बघू लागले. "सर, झेंड्याचं म्हणाला असता तर म्या शिव्या दिल्या असत्या अन् दुसऱ्या दिशी पुन्यांदा रंग कालवला असता."

मी म्हटलं, "ते चित्र कुठे आहे?"

त्यांनी भिंतीवर बोट दाखवलं. तिथे बाईंचं चित्र होतं. मांडीवर सूप, पदर जरासा घसरलेला, आणि दोन्ही हात उघडे, अगदी नखांपर्यंत रंगवलेले. मोठा तक्ता होता.

"मेलेल्या रंगाचं काय करावं? पांढरा फासला अन् वर हिला काढली. आता निळं भाईर काढायचं म्हंजी हिला खरडावं लागंल."

"खरडा की!" बाई आतून ओरडल्या. "मी जित्ती बसलेय हितं. चित्रात एक दिस धडाची साडी तरी नेसवली का?"

पेंटरसाहेब मोठ्याने हसले. मग हसता हसता थांबले, उठून तक्त्याजवळ गेले आणि बाईंच्या खांद्यामागच्या मोकळ्या जागेवर बोटाच्या पेराने हळूच चाचपत राहिले. मी त्यांच्या पाठीमागे उभा होतो. त्यांनी वळून बघितलं नाही.

"लई पातळ लावला होता पांढरा," ते म्हणाले. "रंग संपत आला होता तवा."