हिवरखिंडीत जयश्रीची बॅग कुणी उचलली?

जयश्रीवर अन्याय झाला तो यंदा संक्रांतीनंतरच्या पहिल्याच रविवारी, भर दुपारी, चाळीसगावच्या दक्षिणेला हिवरखिंडीच्या चढावर. ‘दुसऱ्या मुलीकडून बॅग उचलून घेतली’ असा ठपका ठेवून तिला कोर्समध्ये नापास केलं. ती दुसरी मुलगी कोण, हे सर सांगू शकले नाहीत, कॉलेज सांगू शकलं नाही, आणि खरं सांगायचं तर... मलाही सांगता येत नाही. म्हणून या सदरात लिहितेय.

आधी माझ्याबद्दल. मी पल्लवी, भडगावची, जळगावला तिसऱ्या वर्षाला. विद्यार्थ्यांच्या एका संघटनेत काम करते. बसपास, हॉस्टेलचं पाणी, परीक्षेची फी — पत्रकं मीच लिहिते आणि मीच वाटते. भूतबाधा, अंगात येणं, गंडेदोरे यावर माझा कधीच विश्वास नव्हता. शाळाशाळांत जाऊन नारळातून धूर काढून दाखवलाय मी, आणि त्यामागचं रसायन फळ्यावर लिहिलंय. असल्या अनुभवांची सदरं आम्ही हॉस्टेलवर मोठ्याने वाचून हसायचो. तेव्हा हसणाऱ्यांनी हसून घ्यावं, माझी हरकत नाही.

यंदापासून आमच्याकडे बॅकपॅकिंगचा दोन क्रेडिटचा कोर्स आला. थोडी थिअरी वर्गात, मग दोन मुक्काम डोंगरात, सगळं सामान पाठीवर. नियम एकच, पण तो सरांनी फळ्यावर लिहिला, ग्रुपवर टाकला आणि बसमध्येही वाचून दाखवला — आपलं ओझं आपणच उचलायचं. बरोबरच्या दुसऱ्या विद्यार्थ्याची मदत घेतली की नापास.

मी तेव्हाच हात वर केला होता. म्हटलं, सर, हा नियम कुठल्या देशातून आणला? आपल्याकडे बाई चाऱ्याचा भारा बांधून बांधावर उभी असते आणि रस्त्याने जाणाऱ्याला नुसतं ‘हात लाव’ म्हणते. अनोळखी मोटरसायकलवालासुद्धा थांबतो. भारा डोक्यावर चढवून देतो, नीट बसेपर्यंत धरून ठेवतो, विचारतो — बसलं का? ‘बसलं’ म्हटलं की हात सोडतो आणि निघून जातो. नावसुद्धा विचारत नाही. यात नापास करण्यासारखं काय आहे?

सर म्हणाले, “पल्लवी, पत्रक परत आल्यावर काढ.”

जयश्री माझी रूममेट. नरडाण्याजवळच्या खेड्यातली, अंगाने काडी. तिचे नेमके दोन क्रेडिट कमी पडत होते. ते मिळाले नाहीत तर निकाल राखीव, आणि निकाल राखीव तर बी.एड.चा प्रवेश गेला. घरून तिला ‘हे वर्ष शिक, मग बघू’ असं सांगितलेलं. मग बघू म्हणजे काय बघणार, हे आमच्याकडच्या कुठल्याही मुलीला समजावून सांगावं लागत नाही.

बॅगा भरल्या त्या दिवशी सर तिच्यापाशी थांबले.

“हे काय?”

“तवा, सर.”

“लोखंडी?”

“मग भाकरी कशावर टाकू?”

“अगं, ट्रेकला नूडल्स नेतात.”

“त्या तुम्ही खा, सर. आम्ही कळण्याची भाकरी खाऊ. उरली तर तुम्हालापण देऊ.”

सर हसले, आणि दोन्ही मुक्कामांना त्यांनी ठेच्याबरोबर तीच भाकरी मागून खाल्ली. सर वाईट नाहीत. हे मी इथे मुद्दाम लिहितेय, नाहीतर पुढचं समजायचं नाही.

परतीच्या दिवशी जयश्रीचं पोट सकाळपासून बिघडलेलं. काही खाल्लं नव्हतं, तोंड एवढंसं झालं होतं. तवा तिच्याच बॅगेत, आमच्या गटाचं पीठ आणि स्टोव्हही तिच्याच बॅगेत. मी म्हटलं, “दे इकडे.” ती म्हणाली, “नको गं, दोन क्रेडिट आहेत त्यात.”

हिवरखिंडीचा चढ उघडा आहे. झाड म्हणाल तर माथ्यावरचा एक हिवर. बाकीच्या मुली तिथे पोचून फोटो काढत होत्या, मला वरून त्यांचे आवाज येत होते. मी त्यांच्याखाली दोन वळणांवर, जयश्रीसाठी थांबलेली. ती माझ्या खाली. आणि सर सगळ्यांत मागे, पार पायथ्याशी. म्हणजे मी वरून तिचा चेहरा बघत होते आणि सर खालून तिची पाठ. हे नीट लक्षात घ्या.

वाटेत एक चापट खडक आहे, गुडघ्याएवढा. जयश्री बॅगेसकट त्यावर टेकली. मग उठायला गेली आणि उठता येईना. एकदा पुढे झुकली, परत बसली. दुसऱ्यांदा झुकली ती दोन्ही हात खडकावर टेकून. मी खाली जायला निघणार, एवढ्यात बॅग उचलली गेली.

शब्द तोलून लिहितेय. जयश्री उठली नाही, आधी बॅग उठली. तिच्या खांद्यावरचे पट्टे सैल पडले... आणि मग त्यांच्यामागोमाग ती उभी राहिली, अगदी सावकाश. क्षणभर तशीच थांबली, कुणीतरी मागून धरलंय अशी. मग मान जरा वळवून काहीतरी बोलली आणि चालायला लागली. तिच्या मागे कुणी नव्हतं. खडक होता, ऊन होतं, आणि खूप खाली सरांची लाल टोपी.

ती माझ्यापर्यंत आली तेव्हा हसत होती. उन्हाने माझ्या डोळ्यांपुढे काहीतरी झालं असेल, असं मी स्वतःला बजावलं.

माथ्यावर सर आले ते सरळ तिच्याकडे.

“जयश्री, सॉरी. नियम माहीत होता ना तुला?”

“काय केलं सर मी?”

“बॅग कुणी उचलून दिली?”

जयश्रीने माझ्याकडे बघितलं. “ही काय... पल्लवीने.”

“मी?” मी म्हटलं. “मी तर वर होते.”

“चेष्टा नको करू गं पल्ले. तूच विचारलंस ना, बसलं का म्हणून? मी मान खाली घालून चढत होते, तेवढ्यात पुढे गेली असशील.”

“पल्लवी वरच होती, मला दिसत होती,” सर म्हणाले. “मी त्या दुसरीबद्दल विचारतोय. डोक्यावरून ओढणी घेतलेली. एक गुडघा खडकावर टेकून दोन्ही हात बॅगेखाली घातले होते तिने. कोण होती?”

आमच्यात ओढणी कुणाकडेच नव्हती. सगळ्यांच्या डोक्यावर टोप्या — सरांनीच घ्यायला लावलेल्या. सर एकेकीकडे बघत होते, आणि मला वाटतं त्यांच्याही ते लक्षात आलं. पण ते म्हणाले, “मी डोळ्यांनी पाहिलंय,” आणि बॅग पाठीला लावली.

खिंड उतरल्यावर पहिल्याच घरी एका अक्कांनी आम्हाला पाणी दिलं. जयश्री त्यांच्याशी अहिराणीत बोलायला लागली आणि घडलेलं सगळं सांगून मोकळी झाली. अक्का तूर पाखडत होत्या. सूपही थांबलं नाही त्यांचं.

“त्या चापट खडकवर ना? तठे हात लागस माय. माले बी लागेल शे.”

“तुम्हालाही लागलाय? पण कोण आहे ती?” मी विचारलं.

“काय माहीत. ओझं डोकावर ऱ्हास तव्हय मांगे कोन देखस?”

“भीती नाही वाटत तुम्हाला?”

आता मात्र सूप थांबलं. अक्का माझ्याकडे बघून म्हणाल्या, “हात लावनारीनं काय भेव?”

त्या रात्री हॉस्टेलवर जयश्रीने मला नीट सांगितलं. खडकावर बसल्यावर तिला रडू येत होतं. घरी भारा उचलताना म्हणते तसं ती सवयीने पुटपुटली, “हात लाव वं.” कुणाला असं नाही. मग ओझं गेलंच खांद्यावरून. आणि कानाशी आवाज आला — “बसनं का वं माय?” ती म्हणाली, “बसनं.” तेव्हा हात सुटले. “पल्ले, घाईने नाही सुटले गं,” ती म्हणाली, “एक आधी, मग दुसरा. मला झेपतंय का ते बघून.”

मी कॉलेजकडे अर्ज केला. समितीच्या मॅडम वैतागून म्हणाल्या, “म्हणजे सर खोटं बोलतायत, असं म्हणायचंय तुला?”

“नाही मॅडम. सर खरं बोलतायत. अडचण तीच आहे.”

त्यांना मी नियम पुन्हा वाचून दाखवला. मदत घेऊ नये ती ‘दुसऱ्या विद्यार्थ्याची’. उचलणारी विद्यार्थिनी नव्हतीच, तर नियम मोडला कुठे? मॅडम म्हणाल्या, मग ती कोण होती ते सिद्ध करा. सर शेजारी खाली मान घालून बसले होते. “मी पाहिलं ते पाहिलं,” एवढंच म्हणाले. “ती आपल्यातली नव्हती असं मी कसं लिहून देऊ?”

नारळातून धूर काढणारी मी, असल्या बाईची वकिली करत उभी होते. संघटनेतली पोरं अजून चिडवतात — “काय ताई, पुढचं पत्रक भुताच्या मागण्यांचं का?” चिडवू देत.

गेल्या महिन्यात मी जयश्रीला घेऊन परत त्या खडकापाशी गेले. तीच बॅग, तोच तवा, तेवढंच पीठ. म्हटलं, बस, मी खालून व्हिडिओ काढते. जयश्री बसेना.

“बस ना. क्रेडिटचा प्रश्न आहे तुझ्या.”

“नको पल्ले. आज मला चांगलं चालता येतंय. उगाच कशाला बोलवायचं तिला?”

बॅग पाठीवर घेऊन ती माझ्यापुढे चढून गेली. मी फोन खिशात ठेवला.

डिहायड्रेशन, उन्हाचा भास, सरांची नजर — सगळी कारणं मी लावून बघितली. वरून मला रिकामी जागा दिसली आणि खालून सरांना बाई दिसली, दोन्ही एकाच वेळी. याचं उत्तर माझ्याकडे आजही नाही, आणि नसलेलं उत्तर मी पत्रकात छापत नाही.

पण येत्या सोमवारी समिती शेवटची बसतेय. तो हात आणखी कुणाला लागलाय असं सांगणारी माणसं आणा, आम्ही विचार करू, असं मॅडम म्हणाल्यात. चाळीसगाव, भडगाव, धुळ्याकडचे कितीतरी लोक हे सदर वाचतात. तुमच्यापैकी कुणी त्या चढाने ओझं नेलं असेल — चारा असो, सरपण असो, कडेवरचं पोर असो — आणि त्या खडकापाशी मागून हात लागला असेल, तर या लेखाखाली तुमचं नाव आणि गाव लिहा. भूत मानता का, ते मला नकोय. हात लागला होता, एवढंच लिहा, आणि सोमवारच्या आत लिहा.