‘नळ आला’चं मतदान

मागच्या उन्हाळ्यातली एक दुपार. धुळ्यात, देवपूरच्या आमच्या घरी कूलरच्या घरघरीत मी अर्धवट झोपेत पडले होते... आणि जगाच्या कुठल्या कुठल्या कोपऱ्यांतली माणसं माझ्या ॲपवर मत देत होती. खरं सांगते, स्वप्न कुठलं आणि फोन कुठला, तेच कळेना.

ॲपचं नाव ‘नळ आला’. आमच्याकडे पाणी रोज येत नाही, आलं तरी वेळ नक्की नाही. गल्लीत ज्याला पाणी आधी दिसेल त्याने बटण दाबायचं, की सगळ्यांच्या फोनवर निरोप. एवढंच! पण बायका अर्धा बाजार टाकून रिक्षाने घरी यायच्या, इतका त्यावर भरवसा.

आणि नेमकी नवऱ्याची बदली झाली नाशिकला. ॲप चालायचं माझ्या घरातल्या जुन्या कॉम्प्युटरवर आणि बिघडलं की दुरुस्त करणारी मी एकटी. मी गेले की ते बंद पडणार.

म्हणून मी ओपन सोर्सवाल्यांच्या, म्हणजे आपला कोड सगळ्यांना वापरायला उघडा ठेवणाऱ्यांच्या, एका मंडळाकडे अर्ज केला. त्यांनी प्रोजेक्ट स्वीकारला तर त्याला सर्व्हर मिळतो, हक्काचं घर मिळतं. त्यांची रीत अशी... अर्ज सगळ्यांसमोर उघडा, कुणीही बोलावं, सभासदांनी होकाराला +१, नकाराला -१ लिहावं. पण -१ दिला तर कारण सांगायचं, आणि ते कारण मिटेपर्यंत प्रोजेक्ट पुढे सरकत नाही.

हे मी शेजारच्या आबांना कौतुकाने सांगितलं. झालं! मतदान म्हटलं की आबांच्या अंगात येतं. त्यांनी लगेच गल्लीच्या ग्रुपवर टाकलं, “पोर आपली शे, बठ्ठास्नी मत द्या!” सगळ्यांनी म्हणजे सगळ्यांनी!

त्या दुपारी झोपेतून उठून बघते तर काय, अर्जाखाली अख्खी गल्ली उतरलेली. +१, +१, गुलाबाची फुलं, जोडलेले हात, “ताई, आगे बढो!” अगं बाई... मला हसावं की रडावं कळेना.

संध्याकाळी एका सभासदाचा -१ आला. अगदी सभ्य भाषेत दोनच प्रश्न होते. ही एकदम आलेली मतं कुणाची? आणि ही बाई उद्या थांबली, तर हे कोण सांभाळणार?

पहिल्याचं उत्तर, आबांच्या मेसेजसकट, मी लाजत लाजत दिलं. दुसरा प्रश्न तसाच ठेवून गच्चीवर जाऊन बसले, शेजारपाजारच्या टाक्या बघत... खूप एकटं वाटलं.

दुसऱ्या दिवशी त्याच अर्जाखाली पारोळ्याच्या कुणा नसरीनचा लांबलचक मेसेज. तिच्या वडिलांचं वेल्डिंगचं दुकान आहे आणि माझा उघडा कोड घेऊन ती कधीपासून तिच्या मोहल्ल्यात हे ॲप चालवत होती. मला पत्ताच नाही! वर तक्रार... पाणी आधी उतारावरच्या घरांना येतं, निरोप मात्र सगळ्यांना एकदम जातो. चढावरच्या बायका हंडे घेऊन कोरड्या नळाशी बसून राहतात. उतार आणि चढ अशी दोन वेगळी बटणं करून ते तिने दुरुस्त केलं होतं आणि सोबत जोडलं होतं.

माझं डोकंच फिरलं. आजचाच मुहूर्त सापडला का हिला? मीही लिहिलं, तुझ्या दुरुस्तीने बटणं वाढतात, आमच्या म्हाताऱ्या माणसांना जमणार नाही. तिने ठणकावलं, तुमच्या आबांना मतदान जमतं, दोन बटणं जमणार नाहीत? चारचौघांत, जगासमोर आम्ही दिवसभर भांडलो. संध्याकाळपर्यंत तिचंच बरोबर आहे हे मला पटलं आणि मी तिची दुरुस्ती घेतली.

मग त्या -१ वाल्याने लिहिलं, ‘नसरीन यांची तयारी असेल, तर दोघींच्या नावावर प्रोजेक्ट घेऊ. माझी हरकत संपली.’ तिने हो म्हटलं. स्क्रीनकडे बघता बघता माझे डोळे भरून आले.

आता आम्ही नाशिकला असतो. परवा पहाटे डोळा लागता लागता फोन वाजला... देवपूर, नळ आला. फोन चाळला तेव्हा कळलं, आदल्या दिवशी ॲप दुपारभर बंद होतं आणि नसरीनने ते परस्पर सुरू करून टाकलं होतं. मला कुणी कळवलं नाही, विचारलंही नाही. किती बरं वाटलं म्हणून सांगू... कूस बदलली आणि पुन्हा झोपले.