आराम बर्फावर हाय

आमच्या साडूंइतका बर्फावर जीव असलेला माणूस बसवकल्याणातच काय, इथून सोलापूरपर्यंत सापडायचा नाही. आणि तरी त्यांच्या घरी वैशाखातसुद्धा सरबतात बर्फाचा खडा पडत नाही. “बर्फ काय प्यायची चीज हाय व्हय? खेळायची हाय,” असं ते सांगतात, आणि पाहुणा कोमट सरबत मुकाट्यानं संपवतो.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे अक्कांचे यजमान. ऐन उमेदीची वर्षं त्यांनी कॅनडात एका आर्मेनियन कुटुंबाच्या बेकरीत काढली. मालकाच्या आजोबांनी देश सोडला होता, पण तंदुरासारख्या भट्टीत रोटी थापायची रीत घराण्यानं सोडली नव्हती. आणि तंदूर म्हटलं की आमचे साडू कुठल्याही मुलखात घरचेच. मालकाला पहाटे भट्टीपासून हलता येत नसे. म्हणून त्याच्या मुलाला आइस हॉकीच्या सरावाला गाडीतून नेणं साडूंकडं आलं. मुलाचं नाव आराम, पण तो क्षणभर स्वस्थ बसत नसे. पोरगं बर्फावर धावायचं आणि हे काचेबाहेर दोन स्वेटरांवर शाल गुंडाळून उभे. वाटेत आराम बसवकल्याणबद्दल विचारायचा, किल्ला केवढा, ऊन किती. “एकदा येणार, अण्णा,” म्हणायचा. पुढं साडूंचे वडील अंथरुणाला खिळले, आणि साडू परत आले ते कायमचेच.

आराम मोठा होऊन व्यावसायिक खेळाडू झाला. मोठ्या संघांनी आधी त्याला घेतलंच नाही. एका लहान संघाकडून, बसनं गावोगाव फिरत तो खेळू लागला. तिथल्या संध्याकाळचा सामना इथं पहाटे मोबाइलवर दिसतो. साडू अंघोळ करून, इस्त्रीचा सदरा घालून समोर बसतात. कुणी हाक मारली तर आतून उत्तर येतं, “आराम बर्फावर हाय.” शेजारच्या नव्या भाडेकरूनं याचा भलताच अर्थ लावला आणि घरात कुणी गेलं असं समजून तो हार घेऊन आला. साडूंनी त्याला हारासकट बसवून घेतलं आणि सामना शेवटपर्यंत दाखवला.

“हे गडी मिनिटभर पळतात आणि बाकावर येऊन बसतात,” मी एकदा म्हटलं.

“त्या मिनिटात जीव काढावा लागतो, साडू. तुमी बँकेत दिवसभर बसायलाव.”

गेल्या वर्षी आरामनं कळवलं, हंगाम संपला की उन्हाळ्यात येतो. साडूंनी माडीवरची खोली रंगवली, उंच पोराला आखूड पडू नये म्हणून सुताराकडून पलंग लांबवून घेतला, आणि थंड मुलखातला जीव म्हणून भला मोठा कूलर चौघांकडून वर चढवला. “माझ्या लग्नात एवढी तयारी न्हवती,” अक्का म्हणाल्या.

मग मोठ्या संघातला एक खेळाडू जखमी झाला आणि त्याच्या जागी आरामला बोलावणं आलं. पहिल्या सामन्याला साडूंनी आम्हाला पहाटे गोळा केलं. आराम थोडाच वेळ खेळला, गोल काही झाला नाही. एका धिप्पाड गड्यानं त्याला कडेच्या फळीवर आपटलं, तेव्हा साडूंनी डोळे मिटून घेतले.

“उठला का?” त्यांनी मला विचारलं.

“उठला.”

तरी बराच वेळ त्यांनी डोळे उघडले नाहीत.

आठवड्याभरानं फोन आला. संघानं आरामला ठेवून घेतलं होतं, आता उन्हाळाभर तिथंच सराव. साडू त्यांच्या बेकरीतल्या इंग्रजीत म्हणाले, काम आधी, बाळा. फोन ठेवून आमच्याकडं वळले. “बरंच झालं. हितलं ऊन त्याला सोसलं नसतं.”

मे महिन्यात आम्ही गेलो, तेव्हा खालच्या खोलीत सगळे घामानं निथळत होते.

“त्यो कूलर तरी खाली आणा की,” अक्का म्हणाल्या. “रिकाम्या खोलीत कामून ठिवलाव?”

साडू वर्तमानपत्रानं वारा घेत होते. हात न थांबवता म्हणाले, “असू द्या तिथंच. फुडल्या साली ऐन टायमाला वर कोण चढवायचं?”