सिलिंडरखालचं भोक

"आदी वास, मग चावी," असं म्हणत मिस्त्री गाडीचं दार उघडायचे आणि गुडघ्यांवर बसून नाक थेट तळाशी न्यायचे. जुळे सोलापुरात आमच्या कॉलनीच्या कोपऱ्यावर त्यांचं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान होतं. तुम्ही ते दृश्य पाहिलं असतं, तर तुम्हीही हसला असता.

"मिस्त्री, गाडीला नमस्कार करताय काय?" मी चिडवायचो.

"गळलेला गॅस जड असतोय सर. खाली बसतोय, उभ्या मानसाला कळत न्हाय."

मी एक जुनी व्हॅन घेऊन तिचं फिरतं घर केलं होतं. झोपायला फळी, शेगडी, छोटा सिलिंडर. मिस्त्रींनी सगळी वायर नवी ओढली, जागोजाग फ्यूज घातले आणि सिलिंडरखाली पत्र्याला रुपयाएवढं भोक पाडलं. "गळलाच तर हितनं भाईर जाईल. बुजवू नका. आन् नळी तेवढी बदला की, लई तडकलीय."

"बदलतो," म्हणालो. आजचं उद्यावर ढकलण्यात माझा हात कुणी धरणार नाही. भोकातून मात्र धूळ यायची, म्हणून एक दिवस मी त्यात जुन्या चादरीचा तुकडा कोंबला. बायकोला सांगितलंही नाही.

पुढच्याच सहलीत सकाळी तिने चहासाठी लायटर मारला आणि तळाला साचलेल्या गॅसचा भडका उठला. मी बाहेर आळस देत उभा होतो. ती वाचली, पण दोन्ही पाय पोळले.

जळकी गाडी कॉलनीत ओढून आणली, माणसं जमली. कशाने झालं, कुणीतरी विचारलं. माझ्या तोंडून निघालं, "वायरिंग."

मिस्त्री तिथेच होते. ते गुडघ्यांवर बसले आणि भोकातून अर्धवट जळलेला तुकडा ओढून काढला. माझ्याकडे पाहिलं, मग पायांना पट्ट्या बांधून घराच्या दारात बसलेल्या माझ्या बायकोकडे. तुकडा खिशात घातला.

"व्हय, वायरच आसंल माजी," ते मोठ्याने म्हणाले. जाताना मला हळूच सांगितलं, "भोक बुजवलं म्हनून वैनींना रागावू नका सर. बायकांना धूळ सोसत न्हाय."

मी त्यांना तसंच समजू दिलं. याहून नीच काम मी आयुष्यात केलेलं नाही.

कॉलनीतल्या गाड्या दुसरीकडे जाऊ लागल्या. वर्षभरात दुकान बंद करून मिस्त्री वळसंगला गावी गेले. मी दोनदा निघालो, दोन्ही वेळा अर्ध्या वाटेवरून परतलो. तिसऱ्यांदा पोचलो, तर त्यांच्या तेराव्याची पंगत बसली होती.

"तुमीच व्हय ते सर?" त्यांची बायको म्हणाली. "वैनींचे पाय बरे झाले का, शेवटपत्तूर इचारायचे."

"बरे आहेत," म्हणालो. तुम्हाला सांगितलं, ते तिथे सांगायला हवं होतं. पान वाढलेलं होतं. मी जेवून आलो.