स्पेसरला लावलेलं कुंकू

माझी पहिली गाडी सरळ जायची. फक्त सरळ. नव्वद सालाच्या आसपासची गोष्ट. जुनी जीप होती, आणि आधीच्या मालकाने हौसेने तिला रुंद टायर बसवलेले होते. त्या टायरांची ऐट पाहूनच मी ती घेतली. म्हणजे बाजारात बैलाची नुसती शिंगं बघून बैल घरी आणावा, तसं. घरी आणल्यावर कळलं, की स्टिअरिंग पुरतं फिरवलं की पुढची चाकं आतून स्प्रिंगच्या पाट्यांना घासतात आणि 'घर्रर्र' असा आवाज येतो. धुळ्यातल्या आमच्या गल्लीत एक वळण घ्यायला मला चार वेळा पुढे-मागे करावं लागे. समोरची म्हातारी रोज ओट्यावर बसून मोजायची आणि मोठ्याने सांगायची, "आज पाच!"

अरुंद टायर घ्यावेत, हा शहाणपणाचा विचार मला सुचला नाही. सुचला तेव्हा मी तो हाकलून दिला. ऐट गेली तर जीपमध्ये उरतं काय?

घाई होती ती आखाजीची, म्हणजे अक्षय्य तृतीयेची; आमच्या खानदेशात तेव्हा सासरच्या लेकी माहेरी येऊन झोके घेतात. आदल्या वर्षी धाकट्या बहिणीला आखाजीसाठी आणायला मी एस.टी.ने चोपड्याला निघालो. एक गाडी चुकली, दुसरी बिघडली, आणि पोहोचेस्तोवर सण संपला होता. तिचे सासरे, आबा, ओट्यावरून म्हणाले, "आते दिवाळीले या." इकडे आईने मागच्या अंगणातल्या कडुनिंबाला बांधलेला झोका आठ दिवस तसाच लोंबत होता. तो सोडायला कोणाचा हात उठेना. यंदा मी बहिणीला कार्ड टाकलं होतं: आदल्या दिवशी, स्वतःच्या जीपने, दुपारच्या आत. लिहून मोकळा झालो आणि मग आठवलं, की जीप वळत नाही.

कोणीतरी सांगितलं, चाक आणि ते ज्यावर बसतं तो हब यांच्यामध्ये स्पेसर टाक, म्हणजे लोखंडाची जाड चकती. चाक अर्धा इंच बाहेर येतं आणि घासणं थांबतं. धुळ्यातल्या स्पेअर पार्टच्या दुकानात गेलो. दुकानदाराने मला मूठभर वॉशर दिले. "हेच ते," तो म्हणाला, "एकावर एक लावा." दुसऱ्या दुकानात हात हलवत सांगितलं, "असलं काही नसतं हो. गाडीवाले उगाच बोलतात."

म्हणून जळगाव. तिथे एक लेथवाले मिस्त्री होते. चष्मा कपाळावर, आवाज खालच्या पट्टीत आणि स्वभाव शाळामास्तराचा. मी हबचं माप सुतळीने घेऊन गेलो होतो. त्यांनी सुतळी दोन बोटांत धरून उंच केली.

"भाऊ, हा लेथ आहे. झबलं शिवायचंय का?"

"मग काय आणू?"

"हब आणा. दोन्ही."

पुढच्या खेपेला मी दोन्ही हब पोत्यात घालून एस.टी.त चढलो. कंडक्टरने पोतं पायाने ढकलून पाहिलं, पाय दुखावून घेतला आणि पारोळ्यापर्यंत माझ्याकडे रागाने बघत राहिला.

मिस्त्रींनी चकत्या कातल्या तेव्हा मधलं भोक हबच्या मापाचंच ठेवलं. "वजन हबवर बसलं पाहिजे, बोल्टांवर लटकायला नको." हबमधले जुने स्टड, म्हणजे नट ज्यांवर चढतात ते बोल्ट, काढून लांब स्टड ठोकले, कारण चकतीने अर्धा इंच खाल्ल्यावर नट जुन्या स्टडला जेमतेम लटकला असता. मग त्यांनी माझ्याकडून परीक्षेसारखं वदवून घेतलं.

"नट किती फेरे आत गेला पाहिजे?"

"दहा."

"नऊ भरले तर?"

"गाडी चालवायची नाही."

"चकतीच्या मागे-पुढे काय असलं पाहिजे?"

"काही नाही."

"काही नाही म्हणजे काही नाही! रंग नाही, ग्रीस नाही, केस नाही. आणि तीस-चाळीस किलोमीटर गेल्यावर उतरून पुन्हा आवळायचं. विसराल."

"नाही विसरणार."

"विसराल," ते म्हणाले आणि चकत्या वर्तमानपत्रात गुंडाळून दिल्या.

निघायच्या दिवशी पहाटे मी हब आणि चकत्या रॉकेलने अशा घासल्या, की त्यांत तोंड दिसावं. चकत्या कागदावर मांडल्या आणि आंघोळीला गेलो. फक्त आंघोळीला! तेवढ्यात माझे चुलते, नाना, उठले.

नानांनी जन्मभर शेती केली. घरात नवी विळी आली, नवा नांगर आला, शेजाऱ्याने पंप आणला, तरी हळद-कुंकू लागल्याशिवाय नाना त्याला कामाला जुंपू देत नसत. मी बाहेर आलो तर चकत्या हबवर चढवून तयार, प्रत्येकीवर कुंकवाचं एक बोट, आणि नाना हात जोडून उभे.

"नाना, हे काय केलं?"

"नवं लोखंड शे. तेले कुकू लावाबिगर गाडीले कसं लावशी? बहीनले लेवाले जाई ऱ्हायना ना तू?"

आता मिस्त्रींचं 'काही नाही' मला आठवत होतं. पण चुलत्यांच्या देखत, बहिणीला आणायला निघताना, कुंकू पुसायचं? ते आत चहाला वळल्यावर मी सदऱ्याच्या टोकाने ते बोट घाईघाईने पुसलं, चाकं चढवली, नटांचे दहा-दहा फेरे मोजले, आवळले आणि निघालो. चकती काढून मागची बाजू पाहावी, हे माझ्या डोक्यात आलं नाही. कोण देव मागच्या बाजूला बसतो?

सोनगीरच्या अलीकडे स्टिअरिंग थरथरू लागलं. आधी वाटलं, रस्ता खराब. मग रस्ता चांगला लागला आणि थरथर वाढली. सोनगीर किल्ल्याच्या पायथ्याशी गाडी बाजूला घेतली, उतरून पाना लावायला गेलो, तर डाव्या चाकाचे दोन नट बोटांनी फिरले. बोटांनी! आणखी चार कोस तसाच गेलो असतो, तर ते चाक माझ्या आधी शिरपूरला पोहोचलं असतं.

जॅक लावून चाक काढलं, चकती ओढली, आणि मागे काय? पूजा! ओल्या हळद-कुंकवाचा जाडसर लेप, उन्हाने आणि ब्रेकच्या उष्णतेने भाजून खपली झालेला, आणि त्यात अक्षता. तो थर चुरगळत गेला तसतसे नट ढिले पडत गेले होते. उजवीकडेही तेच. नाना पक्षपात करणारे नव्हेत.

समोरच्या झाडाखाली एक तांबट हंडा ठोकत बसला होता. तो उठून आला, वाकला आणि म्हणाला, "भाऊ, गाडी आणली का नवरी?"

मी त्याला सगळं सांगितलं, नानांसकट. तो हसून हसून खाली बसला. मला रडू येत होतं. नऊ वाजून गेले होते.

"आमच्या हंड्याच्या बुडाखाली एवढा खडा राहिला, तरी तो डुगडुगतो. इथं तुम्ही अख्खी आरती ठेवली!"

मग त्याने चिंच आणि राख आणली आणि दोन्ही चकत्यांची चारी तोंडं, हबसुद्धा, भांड्यासारखी घासली, धुतली, कोरडी पुसली. चकती हबवर बसवून लाकडी हातोडीने हळूच ठोकली. 'खर्र.' त्याने मान हलवली. "बसली नाही." पुन्हा काढली, कडेला नखाने चाचपलं आणि मधल्या भोकाच्या काठात रुतलेला एक तांदूळ काढून माझ्या तळहातावर ठेवला. "घ्या प्रसाद." पुन्हा ठोकली. 'टण्.' स्वच्छ, एकच सूर. दुसरीही तशीच वाजवून घेतली. आम्ही नट समोरासमोरचे आवळत गेलो. शिरपूरला उतरून मी पुन्हा पाना लावला. दोन नट अजून थोडे फिरलेच. मिस्त्रींना मी तिथूनच मनातल्या मनात नमस्कार केला.

चोपड्यात पोहोचलो तेव्हा तीन वाजले होते. आबा त्याच ओट्यावर.

"माले वाटनं, यंदाबी तुमनी एस.टी. चुकनी."

बहीण दारात ट्रंकेवर बसली होती. सकाळपासून बसली असावी, कारण साडीच्या निऱ्या बसून बसून चुरगळल्या होत्या. मी पाणी पिऊन उशिराचं कारण सांगितलं. तिने आधी डोळे पुसले, मग तोंडावर पदर धरला.

"अक्षतासुद्धा?"

"हळदीसकट."

"मग मी अशी बसणार नाही. पाना दे."

सासऱ्यांच्या समोर, नव्या साडीचा पदर खोचून, तिने पुढच्या दोन्ही चाकांचे दहाही नट एकेक करून तपासले. शेवटच्या नटाला पान्यावर पाय देऊन उभी राहिली. आबा ओट्यावरून उठून बघायला आले. परतताना तिने सोनगीरला गाडी थांबवायला लावली आणि सासरहून बांधून दिलेल्या गोड सांजोऱ्यांतल्या चार तांबटाच्या हातावर ठेवल्या.

तिन्हीसांजेला घरी पोहोचलो, जीप थेट मागच्या अंगणात घातली. आई झोक्यापाशी. नाना पुढे, हातात कुंकवाची वाटी.

"नाना, चाकाला नाही!" मी ओरडलो. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्यावर ओरडलो. "आतून सगळं कुंकूच होतं! चाक निघालं असतं!"

"मंग? देव काय फक्त बाहेरच बठस का?" नानांनी शांतपणे बॉनेटला बोट टेकवलं. "पोर ऊनी ना घर?"

पोर घरी आलीच होती. ट्रंक तशीच टाकून ती यंदा पुन्हा बांधलेल्या झोक्यावर जाऊन बसली होती आणि आई मागून दोर धरून उभी होती. कडुनिंबाची फांदी दोन वर्षांनी कुरकुरली.

"आते वळस का गाडी?" नानांनी विचारलं.

ज्यासाठी हे सगळं केलं, ते मी विसरलोच होतो. दिवसभर स्टिअरिंग पुरतं फिरवायची हिंमतच झाली नव्हती. मी बसलो, दात खाऊन ते शेवटपर्यंत फिरवलं आणि झोक्यासकट कडुनिंबाला एका दमात अख्खी फेरी घातली. घर्रर्र नाही, काही नाही.

नाना वाटी उंच धरून सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाले, "पाह्यं? पूजा पावनी!"